पुलर देण्याआधी

चेतक स्कूटरचा मॅग्नेट काढायचा पुलर समोर टेबलावर ठेवा. जवळ नसेल तर मनात ठेवा. मूठभर पोलाद, त्यावर पाडलेले आटे, मधोमध एक बोल्ट. आत्ता त्याने काही खोलायचं नाही. जुनी गाडी हौसेने उभी करणाऱ्या कुणाला तो भाड्याने द्यायचा झाला, तर आपण त्याच्या हाती नेमकं काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, एवढ्यावरच मन ठेवायचं आहे. सावकाश वाचा. मध्ये थांबलात तरी हरकत नाही.

आधी त्याचं काम डोळ्यांपुढे आणा. स्कूटरच्या उजव्या बाजूचं पंख्याचं कव्हर काढलं की मॅग्नेट दिसतो. तो क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. आत अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी असते, पण ती फक्त जागा दाखवते. धरून ठेवतो तो त्या निमुळत्या भागाचा घट्टपणा. म्हणून नट काढला तरी मॅग्नेट जागचा हलत नाही. पुलर मॅग्नेटच्या आट्यांवर आधी हातानेच फिरवत शेवटपर्यंत न्यायचा आणि मग मधला बोल्ट आवळायचा. बोल्ट क्रँकच्या टोकाला टेकतो. रेटा वाढत जातो. बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि एकदम ‘टक्’ असा आवाज येऊन मॅग्नेट सुटतो. त्या आवाजापाशी थोडं थांबा. कुठेही घाव न घालता, दोन धातूंना एकमेकांपासून अलगद वेगळं केल्याचा तो आवाज आहे.

आता हेच काम पुलर नसताना कसं होतं तेही पाहा. मॅग्नेटच्या मागे दोन बाजूंनी दोन स्क्रू-ड्रायव्हर खुपसले जातात आणि क्रँकच्या टोकावर हातोडी पडते. टोकाचे आटे दबतात, मॅग्नेटला तडा जाऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान आत होतं आणि ते दिसत नाही. चेतकचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या मधल्या पिनवर दाबून बसवलेल्या असतात. टोकावर पडलेला घाव त्यांना किंचित सरकवू शकतो. ते सरकणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचं असतं, त्याला लेथच्या दोन टोकांमध्ये क्रँक धरून डायल गेज लावावा लागतो. घरच्या पार्किंगमध्ये बसून काम करणाऱ्याला त्याचा पत्ता लागतो तो गाडी चालू झाल्यावर, पायाखाली थरथर जाणवायला लागते तेव्हा.

हातोडीच्या खुणा वाचायला शिकलं पाहिजे असं मला फार वाटतं. जुन्या चेतकचं मागचं चाक उतरवा, क्लचचं कव्हर काढा आणि क्लचच्या नटाकडे बघा. हा नट साध्या पान्याने निघणारा नाही. त्याला वरच्या कडेला खाचा असतात आणि त्या खाचांत बरोब्बर बसणारा, दातांचा खास बॉक्स पाना लागतो. बहुतेक जुन्या गाड्यांत त्या खाचांच्या कडा चेपलेल्या दिसतात. एका बाजूने छिन्नी लावून सोडवल्याच्या खुणा, दुसऱ्या बाजूने छिन्नी लावूनच आवळल्याच्या. कुठे एखादी कड पार तुटलेली. ज्याने हे केलं त्याला दोष द्यायला मन तयार होत नाही. बहुधा गाडी संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाला द्यायची होती आणि तो पाना आसपास कुणाकडेच नव्हता. त्या नटावर त्या दिवसाची अडचण कोरली गेली आहे.

अशा किती गाड्या असतील! बजाजची चेतक 1972 साली आली, आकुर्डीच्या कारखान्यातून निघत राहिली आणि पुढे पेट्रोलवरची चेतक थांबली. तिच्याच कुळातली प्रिया साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनत होती. मधली कित्येक वर्षं नंबर लावून वाट पाहावी लागे. लग्नात मिळालेली, पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली, पुढे मूल उभं करून पाचगणीपर्यंत नेलेली ती गाडी आज कुणाच्या तरी सोसायटीच्या भिंतीला टेकून उभी आहे. नातू किंवा नात तिच्यावरचं कापड काढतात तेव्हा त्यांच्याकडे उत्साह असतो, मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ असतात, पुण्याच्या नाना पेठेतून आणलेले स्पेअर असतात, आणि पुलर नसतो. यात आणखी एक गोष्ट आली आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं ओलांडलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज मानलं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पहिल्या वर्षांतल्या चेतक या वयाच्या झाल्या आहेत. त्यांचा मूळ नट, मूळ मॅग्नेट, मूळ केसिंग वाचवणं हा आता नुसता हट्ट उरलेला नाही.

पुन्हा टेबलावरच्या पुलरकडे या. एक गाडी उभी करताना तो दोनदा, फार तर तीनदा लागतो. एरवी तो डब्यात पडून असतो. जुन्या बुलेटसाठी लागणारे व्हिटवर्थ पाने तर त्याहून एकाकी. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं जे प्रमाण घालून दिलं त्याच्या उतारांतला कोन 55 अंशांचा, आजच्या मेट्रिक आट्यांचा 60. त्याच्या पान्यावर कोरलेला आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. ब्रिटिश घडणीच्या जुन्या मोटारसायकलवर कुणी मेट्रिक पाना लावला की तो बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. ज्याच्याकडे अशी एकच गाडी आहे त्याने सगळा संच विकत घ्यावा, हे मला पटत नाही. आणि संच नाही म्हणून त्याने कोपरे गोल करावेत, हेही पटत नाही. काही अवजारांचा स्वभावच असा असतो की ती एका घरात मावत नाहीत. वर्षाकाठी तास-दोन तास लागणारी वस्तू चाळीस घरांत मिळून वापरली गेली, तरच तिच्या पोलादाचं चीज होतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. इर्जिकीला गावातले लोक आपापली बैलजोडी आणि नांगर घेऊन एकाच्या शेतात उतरायचे, दिवसभरात रान नांगरून मोकळं करायचे आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे. पैसा मध्ये येत नसे. आज गावोगावी अवजारे बँका आहेत, तिथे रोटाव्हेटर, पेरणीयंत्र भाड्याने मिळतं. शहरातल्या पार्किंगमध्ये गाडी खोलून बसलेल्या माणसाला मात्र ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जाऊन ‘मामा, तासाभरासाठी पुलर द्याल का?’ म्हणावं लागतं. मामा देतात. कधी देत नाहीत, कारण मागच्या वेळी नेलेला परत आला तो मधला बोल्ट वाकवून. उसनवारीला ही मर्यादा असते. म्हणून कुणीतरी अशी खास अवजारं जमवून रीतसर भाड्याने द्यावीत, हा विचार मला मोलाचा वाटतो. पण पैसा मध्ये आला की काय बदलतं, ते नीट पाहायला हवं.

यासाठी एका जुन्या कायद्यापाशी थोडं बसू. भारतीय करार अधिनियम, 1872. त्यात आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करण्याबद्दल काही कलमं आहेत. कलम 150 सांगतं की देणाऱ्याने वस्तूतले त्याला माहीत असलेले दोष घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजेत. सांगितले नाहीत आणि त्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारी देणाऱ्याची. इथपर्यंत आपलं मन सहज येतं. पुढचं वाक्य अधिक कडक आहे. वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष देणाऱ्याला माहीत असो वा नसो, नुकसानीला तोच जबाबदार. तिथे दिलेलं उदाहरणही एका गाडीचंच आहे: एकाने दुसऱ्याकडून गाडी भाड्याने घेतली, ती सुरक्षित नव्हती, मालकाला त्याची कल्पना नव्हती, भाडेकरू जखमी झाला, तरी जबाबदारी मालकाची.

हे वाक्य मनात दोन-तीनदा फिरवा. फुकट दिलं तर जे ठाऊक आहे तेवढं सांगून मोकळं होता येतं. रुपया घेतला की ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोय संपते. मला यात कायद्याची धमकी दिसत नाही, भाड्याचा खरा अर्थ दिसतो. आपण म्हणतो पुलरचं भाडं. पण पुलर तर परत येतो, तो आपलाच राहतो. मग पैसे कशाचे घेतले? जाणून घेण्याचे. हा पुलर आज सरळ आहे की नाही, त्याचे आटे धरतात की नाही, तो कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, समोरचा माणूस त्याने काय करणार आहे, हे सगळं माझ्या वतीने तुम्ही जाणून ठेवलंय, या भरवशाचे पैसे घेणारा देतो. ते जाणलं नसेल तर भाडं कितीही कमी असलं तरी जास्तच.

म्हणून एकेक अवजार हातात घेऊन हा भरवसा तपासून पाहा. पुलरच्या मधल्या बोल्टचं टोक चेपलंय का? आट्यांत जुन्या मॅग्नेटचा किस अडकलाय का? बोट फिरवलं तरी कळतं. टॉर्कचा पाना घ्या. त्याच्यावर बोट फिरवून काही कळत नाही. तो ‘क्लिक’ करतो आणि आपण विश्वास ठेवतो. पण आतली स्प्रिंग काळाने बदलते. काम झाल्यावर पाना शून्याच्या जवळ सैल न करता आवळलेला ठेवला तर लवकर बदलते. आयएसओ 6789 या मानकाने असा पाना 12 महिन्यांनी किंवा 5,000 वेळा वापरल्यावर पुन्हा तपासून घ्यायला सांगितला आहे. भाड्याच्या रकमेत या तपासणीचा खर्च धरला नसेल, तर आपण क्लिकचा आवाज भाड्याने देत आहोत, माप नाही. खंडेनवमीला अवजारं धुऊन-पुसून आपण झेंडूचा हार घालतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याच हाताने ती तपासावी, एवढंच त्या पूजेला शोभतं.

आता अवजारावरून नजर काढून समोर उभ्या असलेल्या माणसाकडे न्या. समजा एक तरुण वेल्डिंगचं मशीन मागायला आला आहे. चेहऱ्यावर उत्सुकता, खिशात पैसे. त्याला एक प्रश्न विचारल्याशिवाय मशीन देऊ नका: कशाला वेल्डिंग करणार? तो म्हणेल फूटबोर्डच्या पत्र्याला, तर ठीक. म्हणेल पेट्रोलच्या टाकीला, तर त्याला बसवा, पाणी द्या. टाकीला गंजून बारीक छिद्रं पडतात, प्रत्येक जुन्या गाडीची ही रड आहे, आणि टाकी रिकामी केली की ती निर्धोक झाली असं कुणालाही वाटतं. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक असते. आत उरलेली पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण एका ठिणगीची वाट पाहत असतं. पाण्याने एकदा विसळून ते जातंच असं नाही. हे काम जाणत्याकडे द्यायला सांगणं आणि त्या दिवशीचं भाडं सोडणं, हा या व्यवसायाचाच भाग आहे. तो प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटावर त्या मुलाचं तोंड, हात, डोळे अवलंबून असतात.

सँडब्लास्टिंगचंही तेच. गंजलेला चॅसीचा भाग त्याच्या झोताखाली उजळताना पाहणं फार समाधानाचं असतं, हात थांबवावासा वाटत नाही. पण नदीच्या वाळूतला सिलिका फुटून त्याची जी धूळ होते ती डोळ्यांना दिसेनाशी बारीक असते आणि फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. ब्रिटनने या कामाला अशी वाळू वापरायला 1950 मध्येच बंदी घातली. तेव्हा मशीनसोबत काचेचे मणी किंवा स्फटिकी सिलिका नसलेला दुसरा माल आणि नीट बसणारा रेस्पिरेटर द्यावा, तो वेगळ्या भाड्याने नाही, त्याच भाड्यात. तोंडाला रुमाल बांधून भागेल म्हणणाऱ्याला मशीन देऊ नये. आणि शेजारच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, खाली खेळणारी मुलं यांच्याबद्दलही विचारावं. त्यांनी काही भाड्याने घेतलेलं नाही.

प्रीमियर पद्मिनी उभी करणारे आता वाढतील असं दिसतं. कुर्ल्याला बनलेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीच्या रांगेतून 30 ऑक्टोबर 2023 पासून कायमची गेली, आणि जे रस्त्यावरून नाहीसं होतं त्याची ओढ घरात वाढते. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग असतात. त्या काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरायच्या असतात. दाबलेली स्प्रिंग शांत दिसते. एका बाजूचा हूक निसटला किंवा स्क्रूचे आटे झिजलेले असले, तर ती शांतता एका क्षणात संपते आणि हाडं मोडतात. या एका अवजारासाठी मी आग्रह धरेन: पहिल्यांदा नेणाऱ्याला ते कसं लावायचं हे समोर करून दाखवल्याशिवाय देऊ नये. दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडं थोडं आवळत. तोंड समोर न आणता.

काही कामं मात्र अवजार देऊनही होणारी नाहीत, आणि ते स्पष्ट सांगणं मला आदराचं वाटतं. सिलिंडरचं बोअर, क्रँकची पिन बदलणं, ही कामं लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाची आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत असे हात अजून आहेत. भाड्याने अवजार देणाऱ्याने त्यांचं काम काढून घेऊ नये. ‘मॅग्नेट तुम्ही काढा, क्रँक मात्र लेथवाल्याकडे न्या,’ असं म्हणणारा दुकानदार हौशी माणसाला स्वतःच्या हाताची हद्द दाखवतो. ती कळली की हौस टिकते.

आता अनामतीकडे. अमेरिकेतल्या काही मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अवजाराची पूर्ण किंमत अनामत घेतात आणि अवजार परत आलं की पूर्ण किंमत परत देतात. तिथल्याच बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1979 पासून गावातल्या लोकांना पुस्तकांसारखी अवजारंही फुकट मिळतात. दोन्ही रीती तिथल्या लोकांना जमल्या. आपल्याकडे अनामत घ्यावी, नेणाऱ्याला जड होणार नाही इतकी. आधार कार्ड मात्र अडकवून ठेवू नये, ते माणसाचं आहे. शेवटी अनामत अवजाराची किंमत राखते, त्याचा सरळपणा राखत नाही. तो परत आल्यावर तपासणाऱ्यानेच राखायचा.

भाडं दिवसावर घ्यायचं की कामावर, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दिवसावर घेतलं की घड्याळ त्या पार्किंगमध्ये जाऊन बसतं. जुन्या गाडीचं काम मुळात वाट पाहण्याचं आहे. गंजलेल्या नटावर तेल सोडून रात्रभर ठेवायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बेअरिंग ठोकायचं नाही, केसिंग सारख्या आचेवर तापू द्यायचं आणि बेअरिंग आपणहून सैल होण्याची वाट पाहायची. उद्या सकाळी पुलर परत दिला नाही तर आणखी एका दिवसाचे पैसे लागतील, ही रुखरुख मागे असेल तर मध्यरात्री हातोडी उचलली जाते. ज्या हातोडीपासून वाचवायला अवजार दिलं, तीच आपल्या दराने त्याच्या हातात ठेवली असं होतं. म्हणून दर आठवड्याचा असावा, किंवा एका कामाचा. पावसाळ्यात तर आणखी सैल. एखादा पुलर चार दिवस जास्त राहिला म्हणून फारसं बिघडत नाही.

आता तो पुलर परत आला आहे असं समजा. आणणाऱ्याच्या नखांत ग्रीस आहे, त्याला खूप काही सांगायचं आहे. त्याला सांगू द्या. तोवर पुलर डिझेलमध्ये धुवा, आटे ब्रशने साफ करा, बोल्टचं टोक बघा, तेलाचा हात फिरवा. मग एक वही उघडा आणि त्याच्याच हाताने लिहून घ्या: गाडी कुठली, कुठल्या सालची, मॅग्नेट किती वेळ अडला, तेल किती वेळ सोडलं, नट आधी कुणी चेपून ठेवला होता का, चावी शाबूत निघाली की नवी लागली. भाड्याचा रकाना शेवटी असू द्या. वर्षभरात ती वही भरेल, आणि साताऱ्याच्या प्रियाचा मॅग्नेट पहिल्यांदा काढायला निघालेल्या मुलीला दुकानदाराने पुलर बांधून देण्याआधी त्यातली आठ-दहा पानं वाचायला द्यावीत, बसायला खुर्ची देऊन.